गप्प झालेलं खाजण

६ जुलै, रविवार

सकाळी पनवेलहून निशाबरोबर जासईच्या पुढे दयारामच्या खाजणावर जाऊन आलो. खाजण काही त्याच्या नावावर नाही, सरकारचं आहे. पण त्या बांधाआडच्या पाण्यातून जिताडा आणि कोळंबी त्याच्या आजोबांपासून तेच काढत आलेत, म्हणून सगळ्यांच्या तोंडी ते दयारामचं खाजण. अर्ध्यात पाणी, अर्ध्यात कमरेएवढं गवत, आणि पलीकडे चहूकडे कंटेनरच्या थप्प्या.

वीसेक पावसाळे मी त्या बांधावर वटवट्या मोजतो आहे. अंगठ्याएवढं मातकट पाखरू. पावसाळ्यात नर गवतावरून हेलकावे घेत वर चढतो आणि प्रत्येक हेलकाव्याला ‘झिट् झिट्’ करतो, शिंप्याच्या कात्रीसारखं. तो डोळ्यांनी शोधू नये, वेळ फुकट जातो. माझी पद्धत ठरलेली. दहा-वीस पावलं चालायचं, थांबायचं, डोळे मिटायचे आणि बोटांवर मोजायचं. शाळेत विज्ञान शिकवताना मुलांनाही हेच सांगत आलो, डोळे मिटा, कान उघडा. निशा त्याच मुलांपैकी. आता बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहे आणि दर महिन्याच्या शेवटच्या रविवारची आमची ‘खाडीकाठ व्याख्यानमाला’ खरं तर तीच चालवते. मी नुसता बोलायचा धनी.

चार-पाच वर्षांपूर्वीपर्यंत दोन्ही हातांची बोटं पुरत नसत. मग एका हातावर आलं. गेल्या वर्षी दोन. आज एकही नाही. बांधावरून दोनदा चालत गेलो आणि आलो. गवत तेच, पाणी तेच, पाखरू नाही. मध्येच निशा वर बोट करून काही म्हणाली. पाहिलं तर ढगाखाली ठिपक्यासारखं काहीतरी वरखाली होत होतं. चतुर असणार. या दिवसांत चतुर फार.

फार वाईट वाटलं. तिथेच तिला म्हटलं, मोबाईल काढ, या महिन्याच्या व्याख्यानाची जाहिरात इथेच करू. बांधावर उभा राहून बोललो, “ऐका. इथे प्रत्येक पावसाळ्यात वटवट्या बोलायचा. आज काहीच नाही. ही शांतता ऐका.” आणि थोडा वेळ गप्प उभा राहिलो. निशाचा चेहरा अगदी कसनुसा झाला होता. “सर, नक्की असंच ठेवायचं?” तिने विचारलं. म्हटलं, असंच. पोरगी हळवी आहे.

९ जुलै

व्हिडिओ सगळीकडे फिरतो आहे. अरुंधतीने जेवताना पाहिला आणि म्हणाली, “मागे काय टिकटिकतंय?” बायकोला नवऱ्याच्या भाषणात तेवढंच दिसायचं! म्हटलं, वारा असेल, नाहीतर तुझा मोबाईल बिघडला असेल.

आपल्या घरात वस्तू एकदम बिघडतात. दाराची बेलही बिघडली आहे. शेजारचे विनायकराव म्हणे तीनदा वाजवून शेवटी दार ठोठावायला लागले. टीव्ही हळू करा म्हणून सांगायला आले होते. हल्ली लोकांना जराही आवाज सोसत नाही.

दुसरी गोष्ट टिपून ठेवली पाहिजे. यंदा रातकिडे नाहीत. संध्याकाळी गॅलरीत बसलो की पूर्वी कान किटायचे, आता सामसूम. डासांची गुणगुणही नाही, आहेत ते गुपचूप चावून जातात. किडेच संपले तर किडे खाणारं पाखरू राहील कशाला? सगळं जुळतंय. हे व्याख्यानात घालायचं.

१८ जुलै

दयाराम घरी आला होता. पिशवीत जिताडा. नको नको म्हटलं तरी त्याने तो थेट अरुंधतीच्या हातात दिला.

खाजण भरून तिथे ट्रक उभे करायची जागा करायची, असा एका कंपनीचा अर्ज आहे. दोन वर्षं तो अडकून पडलाय तो आमच्या व्याख्यानमाला मंडळाच्या जुन्या हरकतीमुळे. त्या हरकतीत वटवट्याची वीण या गवतात होते असं मीच लिहिलं होतं. आता सप्टेंबरात प्रांतसाहेबांच्या कार्यालयात शेवटची बैठक आहे.

“सर, तुमी यकदा सायबांपुढं बोला,” दयाराम म्हणाला. “आमचा मासा कोन मोजत नाय. पाखरांचं ऐकतात.”

म्हटलं, बोलणार म्हणजे काय, ओरडणार. आधी रविवारी व्याख्यानाला ये. लोकांचं मन एकदा हललं की साहेबांनाही हलावं लागेल.

“येतो ना. मैनालापन आनतो,” म्हणाला. मैना त्याची बायको, उरणच्या बाजारात मासळी विकते. जाताना त्याने जिन्यात वळून विचारलं, “सर, भरलं तं आमी कुटं जावं?” मी म्हटलं, भरणार नाही. असं मी छातीठोकपणे म्हणालो.

२७ जुलै, रविवार

वाचनालयाचं सभागृह इतकं भरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. खुर्च्या संपल्या, लोक भिंतीला टेकून उभे. विषय ‘गप्प झालेलं खाजण’. तासभर बोललो. आधी जुन्या दिवसांतलं खाजण उभं केलं, मग एकेक आवाज वजा करत गेलो. रातकिडे गेले, डास गेले, वटवट्या गेला. शेवटी सगळ्यांना डोळे मिटायला लावून मिनिटभर शांत बसवलं. पुढच्या रांगेतल्या बायका डोळे पुसत होत्या.

माईक मात्र भिकार. प्रश्नोत्तरात एका मुलीने तीनदा विचारलं तरी शब्द कळेना. हल्लीची पोरं शब्द गिळतात. निशाने माझ्या कानाशी येऊन तो प्रश्न सांगितला. मुलीला विचारायचं होतं, सर, पाखरं खरंच गेली हे कसं ठरवतात? मी हसून म्हटलं, बाळ, वीस वर्षं एका जागी ऐकत राहायचं, म्हणजे कळतं. टाळ्या पडल्या.

बाहेर दयाराम आणि मैना उभे होते. “सर, मंग यकबी नाय ऱ्हायला?” दयारामने विचारलं.

“एकही नाही.”

“तुमी बोलता म्हंजे नसंलच. आपलं ध्यान कवा वर? आपलं ध्यान पान्यात.”

मैना काही म्हणाली, पण हळू. दयारामने तिला कोपराने गप्प केलं. नवऱ्यापुढे बोलायला लाजत असावी.

२९ जुलै

पेपरात आलं! ‘जासईच्या खाजणातून वटवट्या हद्दपार : ज्येष्ठ अभ्यासकाची खंत’. फोटोही बरा आहे. चार-पाच कात्रणं करून ठेवली.

संध्याकाळी निशाचा फोन. “सर, आपण परत एकदा खाजणावर जाऊ या का? पहाटे?” फोनवर तिचा आवाज खोल गेल्यासारखा येत होता. म्हटलं, माझ्याच्याने ती शांतता पुन्हा सोसवणार नाही. ती म्हणाली, “बरं, सर.” पहाटे भिजत यायची तिची तयारी, यावरूनच तिची तळमळ कळते.

१४ ऑगस्ट

अरुंधतीशी कडाक्याचं भांडण. ती बाजारात गेली होती, मी स्वयंपाकघराच्या दाराशीच वाचत बसलो होतो. कुकरच्या म्हणे इतक्या शिट्ट्या झाल्या की डाळ करपून कुकर काळा पडला आणि वास जिन्यापर्यंत गेला. मी एकही शिट्टी ऐकली नाही. वाचनात माणूस तंद्री लावतो, हा काय गुन्हा झाला?

“तंद्री नाही ही. कानाच्या डॉक्टरकडे चला.”

मला हसूच आलं. तिला म्हटलं, अगं, या कानांवर माझं नाव उभं आहे. ज्या कानांनी मी अंधारात पाखराची जात सांगतो त्यांना डॉक्टर काय सांगणार? यावर ती काही बोलली नाही. निदान मला तरी काही ऐकू आलं नाही, असं लिहिलं तर ती म्हणेल बघा, मीच खरी. पण ती रडली हे दिसलं. चार दिवस अबोला चालेल.

११ सप्टेंबर, गुरुवार

लिहायला हात उचलत नाही, तरी लिहितो.

कार्यालयातली बैठक. आमच्या बाजूने मी, निशा, दयाराम आणि गावातले आणखी काही. कंपनीकडून धनेश नावाचा एक तरुण सल्लागार. त्याने वाकून नमस्कार केला. “सर, तुमची व्याख्यानं मी ऐकलीत,” म्हणाला. मला बरं वाटलं, मूर्खासारखं.

बैठक सुरू झाल्यावर तोच उठला आणि अतिशय अदबीने म्हणाला की, या जागेबद्दल सरांहून जाणकार माणूस जिल्ह्यात नाही, म्हणून मी माझं काहीच बोलत नाही, सरांचंच मांडतो. मग त्याने पेपरातली बातमी वाचली. आणि माझा व्हिडिओ मोठ्या पडद्यावर लावला.

मी पडद्यावर उभा होतो, हातवारे करत. “ऐका. आज काहीच नाही. ही शांतता ऐका.” साहेबांनी कपाळाला आठ्या घालून कानावर हात धरला. “आवाज कमी करा हो, किती किरकिर होतेय,” म्हणाले. निशा एकदम उठून उभी राहिली. मी तिला हातानेच बसवलं. मोठ्यांच्या बैठकीत मध्येच बोलायचं नसतं, आपली पाळी आली की बोलावं.

माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो की, हा इशारा होता, पाखरू गेलं म्हणजे जागा वाऱ्यावर सोडा असं नाही, पाणी-गवत राहिलं तर ते परत येईल. साहेबांनी ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाले, “सर, हरकत पक्ष्यांच्या विणीची होती. पक्षी नाहीत असं तुम्हीच म्हणता. मग मी वाचवायचं काय?”

दयाराम म्हणाला, “सायेब, आमी हाव ना.” साहेबांनी त्याच्याकडे पाहून मान हलवली आणि पुढची फाईल मागवली.

जिन्यात निशा रडत होती. विचारलं तर मान हलवत राहिली. दयारामने माझा दंड धरला. “चला सर, चा पिऊ.” त्याने मला एका शब्दाने दोष दिला नाही. चहाचे पैसेही त्यानेच दिले.

१६ सप्टेंबर

अरुंधतीचं ऐकलं. वाद घालायला ताकदच नव्हती.

पनवेलमध्येच एक कानाचं केंद्र आहे. ऋचा नावाच्या मुलीने मला एका बंद खोलीत बसवलं, कानांवर यंत्र घातलं आणि हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. सुरुवातीला काही जाड आवाज आले, ते दाबले. मग ती काहीतरी बदलत असावी, म्हणून मी पुढच्या आवाजाची वाट पाहत बसलो. काचेपलीकडे ती खाली मान घालून काम करत होती. बराच वेळ तसाच बसलो. मनात म्हटलं, या मुलांना काम नीट जमत नाही.

तिने दार उघडलं. म्हणाली, “झालं, काका.”

“काय झालं? पुढचं सुरू कर ना.”

“सगळं वाजवून झालं.”

मग कागदावरची रेघ दाखवली. डावीकडे बरी चाललेली, मध्येच कड्यावरून कोसळलेली. जाड आवाज येतात, बारीक येत नाहीत. मी विचारलं, वटवट्या? तिला कळलं नाही. मी तोंडाने करून दाखवलं. ती म्हणाली, “तेवढा बारीक असेल तर नाही, काका. आणि हे या वर्षीचं नाहीये. हळूहळू होत आलंय, काही वर्षं तरी.”

दोन हातांची बोटं. मग एका हाताची. मग दोन. मग काही नाही.

रिक्षात अरुंधतीने माझा हात धरून ठेवला होता.

१७ सप्टेंबर

निशाला बोलावून घेतलं आणि समोर बसवून विचारलं, त्या दिवशी खाजणावर वटवट्या होता का?

तिने मान खाली घातली. “खूप होते, सर.”

“मग बोलली का नाहीस?”

“मी वर दाखवलं होतं तुम्हाला. तुम्ही नाही म्हणालात. मला वाटलं, तुम्ही वेगळ्या कुठल्यातरी वटवट्याबद्दल बोलताय, जो मला ओळखता येत नाही. मग व्याख्यान झालं, पेपरात आलं. तुम्ही नाही म्हणाल्यावर आहे म्हणणारी मी कोण, सर? तुम्हीच तर मला ऐकायला शिकवलंत.”

मला तिचा राग आला. खरंच आला. मग आठवलं, बैठकीत ती उठली होती आणि मी तिला खाली बसवलं होतं.

“व्हिडिओतसुद्धा आहेत,” ती म्हणाली. म्हणजे अख्ख्या पनवेलने ऐकलंय. मला तो लावायचा धीर नाही.

१९ सप्टेंबर

निशा आणि मी फेरविचाराचा अर्ज घेऊन कार्यालयात गेलो. कानाचा कागदही जोडला होता. साहेबांनी तो वाचला आणि मला बसायला सांगितलं, पाणी मागवलं. म्हणाले, “वाईट वाटतं, सर. पण जुलैत नाहीत, सप्टेंबरात आहेत, असं मी वर काय लिहू? आदेश निघालाय.”

२६ सप्टेंबर, शुक्रवार

यंत्रं आली. दोन्ही कानांमागे बसवून घेतली. घरी येताना पिशवीतला कागद इतका वाजत होता की मी तो दोनदा उघडून पाहिला. घरात अरुंधतीच्या बांगड्या वाजतात. पंखा कुरकुरतो. बेल उत्तम चालते. संध्याकाळी गॅलरीत गेलो आणि रातकिड्यांनी मला हाकलून लावलं. सगळे जागच्या जागी होते. माझीच वाट पाहत असल्यासारखे ओरडत होते. मी आत येऊन पलंगावर बसून ओक्साबोक्शी रडलो. अरुंधती काही म्हणाली आणि ते पहिल्याच वेळी कळलं. ती म्हणाली, “उद्या खाजणावर जाऊन या.”

२७ सप्टेंबर, शनिवार

गेलो. डंपर बांधावरच उभे होते. बांध फोडून पाणी सोडून दिलेलं, गवताच्या जागी मुरूम. नव्या कानांनी मी जे काही ऐकलं ते फक्त इंजिन आणि मागे घेतानाची पीं पीं. मशीन बंद होण्याची वाट बघत बराच वेळ उभा राहिलो. जेवणाच्या सुट्टीत ते बंद झालं. डोळे मिटले. बोटं उघडून ठेवली. या वेळी मात्र खरंच काही नव्हतं.

दयाराम जाळी गुंडाळून टेम्पोत टाकत होता. मला बघून आला.

“मासा काडून घेतला जेवडा भेटला तेवडा,” म्हणाला. “यकच बरं झालं सर. पाखरां आदीच गेलेली. नायतं त्यांची घरटी या मातीखाली... मैना बोलते, तिला ऐकू यायची. मी बोललो, सर बोलले ना नाय, म्हंजे नाय.”

गप्प बसता आलं असतं. त्याला तेवढाच आधार होता. पण त्याने मैनाला आयुष्यभर खोटी ठरवावं, हे मला सहन होईना.

“मैना खरं बोलते. होती पाखरं. मला ऐकू येत नव्हतं, दयाराम.”

त्याने माझ्या कानांकडे पाहिलं. मग मुरमाकडे.

“ती लय येळा बोलली मना,” तो म्हणाला. मग जाळीचं दुसरं टोक उचलून टेम्पोकडे गेला. मी हात लावायला गेलो, तर म्हणाला, “ऱ्हाऊ द्या सर.”

२८ सप्टेंबर, रविवार, सकाळ

आज व्याख्यानाचा दिवस. निशाने विषय विचारला होता, मी कळवला नव्हता.

पहाटे चहा झाल्यावर अरुंधतीला म्हटलं, तो व्हिडिओ लाव. टेबलावर दोघांच्या मध्ये मोबाईल ठेवला.

मी तोंड उघडायच्या आधीच ते आलं. झिट् झिट् झिट्. एक डावीकडे पाण्याजवळ. एक लांब, थप्प्यांच्या बाजूला. एक तर थेट माझ्या डोक्यावर असणार, इतका स्पष्ट. मी म्हणतोय, “ऐका,” आणि ते बोलतायत. सवयीने बोटं मिटायला लागलो. पडद्यावरचा मी “काहीच नाही” म्हणेपर्यंत एक हात संपला होता. मग मी ती शांतता पाळली आहे, डोळे मिटून, मान खाली घालून, आणि त्या सगळ्या वेळात अख्खं खाजण माझ्याभोवती ओरडतंय.

“हेच ते टिकटिकणारं,” अरुंधती म्हणाली.

पुन्हा लावायला सांगितलं. दुसऱ्या हाताची बोटंही संपली.

निशाला फोन केला. संध्याकाळी हाच व्हिडिओ लाव म्हटलं, आवाज पूर्ण ठेव, आणि दयाराम-मैनासाठी पुढे दोन खुर्च्या ठेव. येतील असं वाटत नाही, पण ठेव. मी भाषण करणार नाही. लोकांना इतकंच सांगेन की डोळे मिटा, कान उघडा, आणि मी काय म्हणतोय तिकडे लक्ष देऊ नका.